हाताची साक्ष

आपल्या मराठी भाषेला हाताचे फार कौतुक आहे. सुगरणीचा हात बसलेला असतो, तबलजीचा हात तयार होतो, वैद्याच्या हाताला गुण असतो. नव्या सुनेची चकली तुटली तर सासू समजुतीने म्हणते, "होईल ग, हात बसायचाय अजून." आणि दिवाळीचे दिवस म्हणजे तर या बसलेल्या हातांचेच राज्य! करंजीला मुरड घालणाऱ्या एखाद्या आजीला विचारून पाहावे, 'हे तुम्ही नेमके कसे करता?' ती क्षणभर थांबते, स्वतःच्याच बोटांकडे नवलाने बघते, आणि पुढची मुरड चुकते. विचार करायला लागले की हात अडतो, सोडून दिला की तो आपला आपण चालतो.

असा हा बसलेला हात एके दिवशी उठून निघून गेला तर? अपघाताने नव्हे, अर्धांगाने नव्हे. हात जागच्या जागी आहे, धडधाकट आहे. तो ताट वाढतो, कुलूप उघडतो, सुईत दोरा ओवतो. फक्त ज्या एका कामात त्याने सारा जन्म घालवला, तेवढे एकच काम करायला तो नकार देतो. मी कादंबऱ्या लिहिते. पण असले एखादे पात्र मी रचले असते, तर वाचकांनी 'हे काही पटत नाही बाई' म्हणून पत्रे पाठवली असती. सत्याला मात्र आपण पटावे अशी मुळीच गरज वाटत नाही.

आमच्या शाळेत गणित शिकवणारे एक गुरुजी आहेत. त्यांचे अक्षर म्हणजे शाळेचे वैभव होते. बक्षिसांच्या प्रमाणपत्रांवरची नावे त्यांनी घालायची, मानपत्रे त्यांनी लिहायची, दहावीच्या मुलांना निरोप देताना मुलांच्या वह्यांत सही करायला सर्वांत लांब रांग त्यांच्यापुढे लागायची. पंचवीस वर्षे हा क्रम चालला होता. मग एका वर्षी निकालाच्या दिवसांत त्यांच्या लक्षात आले की पेन हातात धरले की तर्जनी आपोआप आत वळते, अंगठा पेनवर दाबला जातो, मनगट वाकते आणि कोपर पाखरासारखे वर उचलले जाते. आधी तिसऱ्या ओळीला असे होई, मग पहिल्या ओळीला, आणि वर्षभरात पेनचे टोक कागदाला लागण्यापूर्वीच बोटे मुडपू लागली. कागद फाटे. पेन खाली ठेवले की हात त्या क्षणी मोकळा!

आणि फळ्यावर? फळ्यावर त्यांचा खडू पूर्वीसारखाच चाले. प्रमेये, आकृत्या, रोजचा सुविचार, सारे तसेच वळणदार. इथेच घात झाला. "फळ्यावर लिहिता येतं, मग हजेरीपत्रकावर तेवढं येत नाही होय?" असे एका वरिष्ठांनी त्यांना सर्वांदेखत विचारले. त्या विचारण्यात प्रश्न नव्हता, निकाल होता. बँकेतून सही जुळत नाही म्हणून धनादेश परत आला. घरात कुणी म्हणाले, काळजी फार करता. कुणी म्हणाले, गुरुवार धरा. गुरुजी पुण्याला गेले. मानेचा फोटो झाला, शिरांची तपासणी झाली, आणि शेवटी मेंदूचा एम.आर.आय. झाला. तो मोठा पांढरा लखोटा घेऊन ते शाळेत आले तेव्हा सगळ्यांनी त्यांचे अभिनंदन केले. अहवालात लिहिले होते, दोष नाही. "चला, काही नाही तुम्हाला!" जो तो म्हणत होता.

मधल्या सुटीत ते माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, "बाई, गाठबीठ निघाली असती तर लोकांनी पेढे मागितले नसते. पण विश्वास तरी ठेवला असता."

ते वाक्य माझ्या मनात रुतून बसले. 'काही नाही' या दोन शब्दांनी एवढे मोठे माणूस एवढे एकटे कसे पडते? मेंदूचे चित्र काढतात म्हणजे नेमके कशाचे चित्र काढतात? त्यात काय दिसते आणि काय दिसत नाही? मी काही विज्ञानाची पदवीधर नव्हे, मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई. पण वाचायची सवय आहे, आणि समजले नाही तर पुन्हा विचारायची लाज नाही. तेव्हा जमेल तसे वाचत गेले, आणि गुरुजींच्या हाताची वंशावळ किती जुनी आहे हे पाहून थक्क झाले.

इटलीत बेर्नार्दिनो रामात्झिनी नावाचा वैद्य होऊन गेला. कोणत्या धंद्यातल्या माणसाला कोणता रोग जडतो, याचा त्याने आयुष्यभर पाठपुरावा केला. त्याच्या ग्रंथाच्या १७१३ सालच्या आवृत्तीत लेखनिकांवर एक प्रकरण आहे. सतत बसून राहणे, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण, अशी तीन कारणे त्याने दिली आहेत. त्यात एका लेखनिकाची हकिगत येते. त्याचा उजवा हात लिहिण्याला निकामी झाला, म्हणून तो जिद्दीने डाव्या हाताने लिहायला शिकला. काही दिवसांनी तेच दुखणे डाव्या हातात उतरले. पुढे एकोणिसाव्या शतकात कचेऱ्या वाढल्या, कारकून वाढले, आणि या दुखण्याला विलायतेत 'रायटर्स क्रॅम्प' म्हणजे लिहिणाऱ्याचा पेटका असे नाव पडले.

नाव पडले, पण न्याय मिळाला नाही. १९०८ साली बर्लिनमध्ये श्वाल्बे नावाच्या तरुण डॉक्टरने आपल्या प्रबंधात अंग विचित्र पिळवटून जाणाऱ्या तीन भावंडांचे वर्णन केले; पण तेही उन्मादाच्या, म्हणजे हिस्टेरियाच्या, खात्यात टाकून. तीन वर्षांनी, १९११ साली, त्याच शहरातल्या हेर्मान ओपेनहाइम यांनी ठासून सांगितले की हा मज्जासंस्थेचा आजार आहे, आणि त्याला 'डिस्टोनिया' हे नाव दिले. स्नायूंचा ताण बिघडणे, असा त्याचा साधा अर्थ. एका हालचालीसाठी जे स्नायू आखडायचे ते आखडतातच, पण ज्यांनी त्या वेळी सैल पडायचे तेही सोबत आखडतात. गाडीचे दोन्ही बैल एकमेकांविरुद्ध ओढू लागावेत तसे होते. हे संबंध अंगात होऊ शकते, किंवा नुसत्या मानेत, पापण्यांत, आवाजात, हातात.

तरीसुद्धा विसाव्या शतकातली कितीतरी वर्षे असे रोगी मनाच्या डॉक्टरांकडेच पाठवले जात. कारण एकच: रोग इतका लहरी! मान एका बाजूला ओढली गेलेली बाई हनुवटीला नुसते बोट लावते आणि मान सरळ होते. पापण्या घट्ट मिटणारा माणूस गाणे म्हणू लागला की कधी त्याचे डोळे उघडतात. हाताचा रोगी कागदावर अडतो आणि फळ्यावर धावतो. पाहणाऱ्याला वाटते, हे तर सोंग. १९८२ साली लंडनच्या शीही आणि मार्सडेन या डॉक्टरांनी लिहिणाऱ्याच्या पेटक्याचे रोगी नीट तपासले आणि लिहिले की या लोकांत मनाचे विकार इतरांपेक्षा जास्त नाहीत. हा एका अवयवापुरता डिस्टोनिया आहे. मी ते साल पुन्हा पाहिले. १९८२! रामात्झिनीपासून मोजले तर हाताची फिर्याद नोंदवून घ्यायला जवळजवळ पावणेतीनशे वर्षे लागली.

आता चित्रांकडे येऊ. वैद्यकातले पहिले गाजलेले चित्र हाताचेच आहे. डिसेंबर १८९५ मध्ये राँटगेनने आपल्या पत्नीच्या हाताचा क्ष-किरणांनी फोटो काढला. त्यात हाडे दिसतात आणि बोटातली अंगठी दिसते. हाताची हाडे दिसली, पण त्या हाताला करंजीची मुरड येते की नाही, ते कुठे दिसले? १९७१ साली लंडनमध्ये सी. टी. स्कॅनने पहिल्यांदा जिवंत रोग्याच्या मेंदूचे काप पडद्यावर आणले. १९७३ साली पॉल लॉटरबर यांनी चुंबकाच्या साहाय्याने चित्र काढण्याची युक्ती प्रसिद्ध केली. आपल्या शरीरात पाणीच पाणी आहे. त्या पाण्यातल्या हायड्रोजनच्या अणूंना मोठ्या चुंबकात एका दिशेने उभे करायचे, रेडिओच्या लहरींनी त्यांना डिवचायचे, आणि परत जागेवर येताना ते जी हाक देतात ती टिपायची. असे हे एम.आर.आय.चे मर्म आहे. या कल्पनेबद्दल लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पण हे चित्र बांधकामाचे चित्र आहे. घराच्या भिंती कुठे, खोल्या किती, कुठे तडा गेला आहे, कुठे पाणी मुरले आहे, हे त्यात दिसते. घरातली माणसे एकमेकांशी कशी बोलतात, ते दिसत नाही. लिहिणाऱ्याच्या पेटक्यात भिंती सहसा शाबूत असतात. म्हणून अहवालात 'दोष नाही' असे येते, आणि ते खरेही असते. त्या कागदाचा खरा अर्थ एवढाच की गाठ नाही, रक्तस्राव नाही, जुना झटका नाही. आपण मात्र त्याचा अर्थ 'दुखणे नाही' असा करतो.

हे सांगताना त्या चित्राचे महत्त्व कमी करण्याचा माझा हेतू नाही. विल्सनचा रोग म्हणून एक आनुवंशिक विकार आहे. शरीरात तांबे साठत जाते, आणि कोवळ्या वयात हात वाकडे होऊ लागतात, बोलणे अडखळते. त्यात एम.आर.आय.वर मेंदूच्या खोल भागांत बदल दिसतात. कधी कधी तर मेंदूच्या मधल्या भागात चक्क पांडा अस्वलाच्या तोंडासारखी आकृती उमटते. वेळेवर कळले तर तांबे बाहेर काढणारे औषध आहे, आणि मूल वाचते. म्हणजे हात वाकडा होण्याची जी कारणे बरी होण्यासारखी आहेत, ती शोधायला हे चित्र हवेच. पण ज्यांच्या चित्रात काही निघत नाही, त्यांचे काय?

त्यांच्यासाठी शास्त्रज्ञांनी भिंतींऐवजी वावर टिपायला सुरुवात केली. मेंदूचा जो भाग काम करतो तो साखर खातो. किंचित किरणोत्सर्गी साखर शिरेतून देऊन ती मेंदूत कुठे जास्त खर्च झाली हे पाहायचे, याला 'पेट' चित्रण म्हणतात. पुढे १९९० साली सेजी ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की प्राणवायू घेतलेले रक्त आणि तो खर्च झालेले रक्त चुंबकात वेगवेगळे वागते. त्यातून कामाचे एम.आर.आय. निघाले. बोट हलवले की मेंदूतला कुठला कोपरा जागा होतो, ते सुई न टोचता पाहता येऊ लागले.

मेंदूच्या वरच्या थरात आपल्या अंगाचा एक नकाशा असतो. त्यात प्रत्येक बोटाची स्वतंत्र जागा असते, वाड्यातल्या भावंडांच्या खोल्यांसारखी. १९९६ साली अमेरिकेत नॅन्सी बिल आणि मायकेल मर्झेनिक यांनी माकडांकडून हाताची एकच पकड पुन्हा पुन्हा करून घेतली. काही काळाने त्या माकडांचा हात बिघडला, आणि मेंदूत पाहिले तेव्हा बोटांच्या खोल्यांमधल्या भिंती पुसट होऊन एकीचा संसार दुसरीत सांडला होता. दोन वर्षांनी, १९९८ साली, थॉमस एल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हात बिघडलेल्या वादकांच्या मेंदूतले अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र मोजले. त्यांच्याही बोटांच्या जागा नकाशात एकमेकींच्या जवळ सरकलेल्या आढळल्या. हे वाचताना मला 'हात बसणे' या शब्दांची थोडी भीतीच वाटली. सरावाने ज्या वाटा मळतात, त्याच वाटा क्वचित एखाद्याच्या बाबतीत इतक्या मळतात की एकमेकींत मिसळून जातात. सराव तर लाखो लोक करतात, मग याच्याच वाट्याला हे का? कुठेतरी जन्मजात नाजूकपणा असावा, असे अभ्यासक मानतात.

त्या नाजूकपणाचा माग तर मला कादंबरीहून विलक्षण वाटला. लहानपणी सुरू होऊन सर्वांगात पसरणाऱ्या एका डिस्टोनियाचे जनुक १९९७ साली सापडले. गंमत अशी की हे जनुक ज्यांच्या अंगात आहे अशा शंभरांपैकी सुमारे ३० जणांनाच रोग होतो. बाकीचे जन्मभर ठणठणीत. न्यूयॉर्कजवळच्या डेव्हिड आयडेलबर्ग यांनी पेट चित्रणाने पाहिले, तर या ठणठणीत लोकांच्या मेंदूतही साखरेच्या खर्चाची घडी बदललेली होती. मग ते वाचले कसे? २००९ साली त्यांच्याच गटाने मेंदूतल्या तंतूंच्या वाटांचे चित्र काढले. लहान मेंदूकडून थॅलॅमस नावाच्या ठाण्याकडे जाणारी वाट जनुक असलेल्या सगळ्यांमध्येच कच्ची होती. पण जे निरोगी राहिले, त्यांच्यात थॅलॅमसकडून मेंदूच्या वरच्या थराकडे जाणारी पुढची वाटसुद्धा कच्ची होती! पाटातून गढूळ पाणी येत असावे, आणि पुढे शेताच्या तोंडाशी पाट नेमका बुजलेला असावा, म्हणून पीक वाचावे, तसा प्रकार. एक दोष मारतो आणि दुसरा दोष तारतो. आपण माणसांच्या गुणदोषांची बेरीज-वजाबाकी किती घाईने करतो!

ज्या बोट लावण्याला लोक सोंग म्हणत, त्याचीही साक्ष निघाली. हनुवटीला बोट लावून मान सरळ होते तेव्हा मेंदूच्या स्पर्शाच्या आणि हालचालीच्या भागांतले काम खरोखर बदलते, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या पेट चित्रणाच्या एका अभ्यासात दिसले. त्या बाईचे बोट खोटे नव्हते.

मात्र या अभ्यासांत एक मोठी अडचण आहे, आणि तिच्यात विनोदही आहे. यंत्राला डोके तसूभरही हललेले चालत नाही. आणि रोग तर हलण्याचाच! त्या बोगद्यासारख्या नळीत उताणे पडून, कानांवर ठोके पडत असताना, लोखंड नसलेली लेखणी मांडीवरच्या पाटीवर चालवायची. चित्र बिघडू नये म्हणून कधी बोटे नुसती टेकवायला सांगतात, कधी 'लिहीत आहोत' अशी फक्त कल्पना करायला सांगतात. शिवाय जे दिसते ते एकट्याचे नसते. वीस-पंचवीस रोग्यांची सरासरी आणि तेवढ्याच निरोगी लोकांची सरासरी यांच्यातला तो फरक असतो. तोही दर वेळी सारखा येत नाही. २००४ सालच्या एका अभ्यासात हाताच्या रोग्यांच्या मेंदूतला करडा भाग काही ठिकाणी वाढलेला दिसला; २००७ सालच्या दुसऱ्या अभ्यासात लिहिणाऱ्यांच्या मेंदूत तो कमी भरला. आणि जे दिसले ते रोगाचे मूळ, की वर्षानुवर्षे वाकडा हात वागवल्याचा परिणाम? चित्र याचे उत्तर आपण होऊन देत नाही.

२०२० साली बॉस्टनमधल्या संशोधकांनी ६१२ माणसांची साधी एम.आर.आय. चित्रे गणकयंत्राला दाखवून त्यांच्यातला फरक शिकवला. आवाजाच्या, मानेच्या आणि पापण्यांच्या डिस्टोनियाची ती चित्रे होती. माणसाच्या डोळ्याला ज्यात काही दिसत नव्हते, त्यात यंत्राने रोग्याला ओळखले. म्हणजे पाहा, 'दोष नाही' म्हटलेल्या चित्रातही काहीतरी लिहिलेले होते. आपल्याला ते अक्षर लागत नव्हते. पण हे सारे संशोधनाच्या दालनातले झाले. आमच्या गुरुजींना न्याय मिळाला तो याहून फारच साध्या साधनाने.

ते दुसऱ्या एका मेंदूतज्ज्ञाकडे गेले तेव्हा मी आणि त्यांच्या पत्नी बरोबर होतो. डॉक्टरांनी तो पांढरा लखोटा उघडला, चित्रे दिव्यासमोर धरून पाहिली, बाजूला ठेवली आणि एक कोरा कागद पुढे केला.

"लिहा गुरुजी. स्वतःचं नाव, गावाचं नाव, काहीही."

गुरुजींनी लिहायला घेतले. तर्जनी मुडपली, मनगट वाकले. डॉक्टर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता पेन डाव्या हातात घ्या. उजवा हात नुसता टेबलावर ठेवा." गुरुजी डाव्या हाताने, पहिलीतल्या मुलासारखी वेडीवाकडी अक्षरे काढू लागले. आणि टेबलावर मोकळा पडलेला उजवा हात आपोआप आत वळू लागला. तीच तर्जनी, तोच अंगठा. हातात पेन नाही, आणि मुडपणे मात्र तेच.

"थांबा," डॉक्टर म्हणाले, "दिसलं मला. हा डिस्टोनिया आहे. ढोंग करणाऱ्याला हे सुचायचं नाही."

गुरुजींच्या पत्नी तिथेच रडू लागल्या. रोगाचे नाव ऐकून कुणाला इतके हायसे वाटलेले मी प्रथमच पाहिले.

या दुखण्यावर आज रामबाण उपाय नाही, पण उपाय आहेत. नासलेल्या डबाबंद अन्नात वाढणाऱ्या जिवाणूचे विष, बोट्युलिनम, अगदी थोड्या प्रमाणात नेमक्या स्नायूत टोचले की तो स्नायू तीन-चार महिने सैल पडतो. अमेरिकेचे थोर पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची दोन बोटे १९६४ साली, ऐन ३६व्या वर्षी, आत वळली. तीस वर्षे त्यांनी डाव्या हाताच्या रचना वाजवल्या, वाद्यवृंद चालवले, शिष्य घडवले. १९९०च्या दशकात या इंजेक्शनांनी त्यांची बोटे बरीचशी उलगडली, आणि २००४ साली त्यांची जी ध्वनिमुद्रिका निघाली तिचे नाव होते 'टू हँड्स', दोन हात! २०२० साली, ९२व्या वर्षी, ते गेले. बोटे पुरती बरी झाली होती असे नव्हे. त्यांना सांभाळून घेत ते वाजवत राहिले. काहींच्या बाबतीत शस्त्रक्रिया करतात. २०१७ साली बंगळूरला एका गिटारवादकाच्या मेंदूवर तो जागा असताना शस्त्रक्रिया झाली. मेंदूतला नेमका बिंदू ठरवायला एम.आर.आय.चे चित्र होते, आणि बिंदू बरोबर आहे की नाही हे सांगायला त्याच्या हातातली गिटार होती. चित्र आणि हात यांनी एकमेकांना साक्ष द्यावी, असा तो प्रसंग मला फार आवडला.

आमचे गुरुजी इंजेक्शने घेतात, जाड पकडीचे पेन वापरतात, आणि सहीपुरते लिहू शकतात. प्रमाणपत्रांवरची नावे आता छापून येतात. फळ्यावरचा सुविचार अजून त्यांचाच असतो, आणि तो पाहून आता कुणी भुवया उंचावत नाही.

घरोघरी दिवाळीला माणसे जमतील, फराळाची ताटे फिरतील. त्या गर्दीत कुणाची मान एका बाजूला ओढली जात असेल, कुणाच्या पापण्या बोलता बोलता मिटत असतील, कुणी काकू 'हल्ली रांगोळीची चिमूट सुटत नाही' म्हणून हसून बाजूला होत असतील. त्यांना 'मनाचं आहे, सोडून द्या' असे म्हणू नये. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा म्हणावे. आणि चित्रात काही निघाले नाही तर लगेच पेढे मागू नयेत.

आणि एक गोष्ट मला विसरता येत नाही. त्या सगळ्या अभ्यासांत सरासरीच्या आकड्यांमागे खरी माणसे होती. कुणी कारकून, कुणी वादक, कुणी माझ्यासारखी लिहिणारी. त्यांतल्या बहुतेकांना त्या चित्रांचा स्वतःला काही उपयोग व्हायचा नव्हता, हे त्यांना आधीच सांगितलेले असणार. तरी ती त्या अरुंद नळीत शिरली, आपला बंडखोर हात पोटाशी धरून तासतासभर निश्चल पडून राहिली. यंत्राने हाताची साक्ष काढली असे आपण म्हणतो. पण साक्षीला उभी राहिली ती ही माणसे. पुण्याच्या त्या दवाखान्यात एका कोऱ्या कागदावर नजर टाकून डॉक्टर 'दिसलं मला' म्हणू शकले, त्यात त्यांचाही वाटा आहे. त्यांची नावे कुठे छापलेली नाहीत. यंदा पाडव्याला दिवा लावताना एक पणती मी त्यांच्यासाठी लावणार आहे.